सांगावा नेणाऱ्यांचं मयत

थंडी गुलाबी असते, असं मराठी वाङ्मयात लिहिलेलं आहे. ज्यांनी लिहिलं त्यांच्या अंगावर शाल होती आणि समोर वाफाळलेला चहा होता, याबद्दल मला शंका नाही. आपल्या माणसांना थंडीचा रंग कधी दिसला नाही. थंडी म्हणजे फाटलेली गोधडी, पहाटे पाण्यात घातलेले पाय, म्हाताऱ्यांचा खोकला. पौषाच्या आसपास आपल्या वस्त्यांमधली म्हातारी माणसं पटापटा जातात. मग मुंबईच्या, पुण्याच्या पोरांचे फोन वाजतात आणि पोरं रात्रीच्या गाड्या धरतात.

दोस्तहो, मला या मयताच्या प्रवासावर लिहायचं आहे. आपण चळवळीत नोकरीवर बोललो, शिष्यवृत्तीवर बोललो, राखीव जागांवर, नामांतरावर, गायरानावर बोललो. बोललंच पाहिजे. पण मरणाची गोष्ट निघाली की आपण ती घरगुती बाब समजून बाजूला ठेवतो. चार दिवस रडतो, पुण्यानुमोदनाचं जेवण घालतो आणि कामावर परत येतो. मी म्हणतो ही घरगुती बाब नाही. मरणाची बातमी कोण नेतं, मयताला जायला रजा कोण देतं आणि मेल्यावर जागा कुठं मिळते, हे तिन्ही प्रश्न राजकारणाचे आहेत. तिन्ही ठिकाणी जात बसलेली आहे. मधल्या ठिकाणी जातीच्या मांडीला मांडी लावून भांडवल बसलेलं आहे.

पहिल्यांदा सांगावा घ्या.

गावगाड्यात महाराकडं जी कामं होती त्यांची यादी शाळेच्या पुस्तकात सापडायची नाही. गावाची हद्द दाखवायची, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढं पळायचं, मेलेलं जनावर ओढायचं, चितेची लाकडं वाहायची. आणि गावात कुणा पाटला-कुळकर्ण्याकडं माणूस मेला की त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या गावी मयताचा सांगावा घेऊन जायचं. दिवस असो रात्र असो, पाऊस असो थंडी असो, सांगावा थांबत नसे. कारण सांगावा थांबला तर मढं थांबणार. येसकरानं काठी उचलायची, घोंगडी असेल तर पांघरायची आणि अंधारातनं निघायचं. दहा कोसांवरच्या वाड्यापुढं उभं राहायचं, उंबऱ्याला शिवायचं नाही, लांबनंच ओरडून सांगायचं की तुमचं अमुक माणूस गेलं. आत रडारड सुरू व्हायची. बाहेर हा थंडीत उभा. दिलीच कुणी तर वरून टाकलेली भाकर. मग तसाच पुढच्या गावाला.

माझा आजा लहानपणी त्याच्या बापाबरोबर असा गेलेला होता. आमचं गाव येवला तालुक्यातलं. तो सांगायचा, बाप पुढं काठी आपटत चालायचा आणि मी मागनं पळायचो, पायात काही नाही, पळायचं थांबलं की पाय कळायचेच नाहीत. "आरं, दुसऱ्याच्या मढ्यासाठी आम्ही किती राती चाललो त्याची गिनती न्हाई," असं म्हणायचा आणि हसायचा. मला त्या हसण्याचा राग यायचा.

हे काम कुणी खुशीनं करत नव्हतं. ते वतन होतं. १८७४ च्या वतन कायद्यानं इंग्रज सरकारनंही त्यावर शिक्का मारलेला. वतनाच्या बदल्यात तुकडाभर जमीन आणि गावची बलुतं, आणि त्यासाठी अख्खं घराणं दिवसरात्र बांधलेलं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात या कायद्याला दुरुस्ती आणणारं बिल मांडलं, ते उगाच नाही. वतनदार महाराला कामाचे तास नव्हते. सुट्टी नव्हती. तो आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्या कुणी तरी काठी उचलायची. स्वतःच्या घरात मयत पडलं तर त्याचा सांगावा कोण नेणार, याची तरतूद कुठल्याच कायद्यात नव्हती. बिल त्या वेळी पास झालं नाही. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, म्हणजे बाबासाहेब गेल्यानंतर.

आता कुणी पांढरपेशा मित्र म्हणेल, हे सगळं जुनं झालं, आता मोबाईल आहे. खरं आहे. यंदाच्या थंडीत आजा गेला तेव्हा बातमी मला मिनिटात कळली. सांगावा मिनिटात आला. निघायला मात्र मला तीन तास लागले. इथून दुसरा प्रश्न सुरू होतो.

मी गोदीत माल उतरवतो. जहाजाच्या पोटात फोन लागत नाही, वर आल्यावर चुलत्याचे सात मिस्ड कॉल दिसले. मुकादमाला सांगितलं, आजा गेला, निघतो. मुकादम वाईट माणूस नव्हे. त्यानं 'अरेरे' केलं आणि लगेच म्हणाला, "बदली दे आणि जा." भर पाळीत बदली माणूस कुठून आणणार? मग म्हणाला, पाळी संपव, मेलेला माणूस कुठं पळून चाललाय. मी पाळी संपवली. उरलेला वेळ पोती वर जाताना बघत होतो आणि मला पणजा आठवत होता. वतनातसुद्धा हेच होतं. तू मर, तुझा बाप मरो, काठी उचलणारा बदली दे. आमच्या घराण्यात चार पिढ्यांत काठीच्या जागी हूक आला. 'बदली दे' तेवढं तसंच राहिलं.

हे एका मुकादमाचं पाप नाही. गोदीत एकेकाळी टोळीवाल्याचं आणि सारंगाचं राज्य होतं. सकाळी गेटवर माणसं गुरासारखी उभी करून त्यातली निवडायची. या विरुद्ध कामगार झगडले, तुरुंगात गेले, तेव्हा १९४८ साली गोदी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. त्यातनं डॉक लेबर बोर्ड आलं, नोंदणी आली, पाळीपाळीनं काम वाटून द्यायची पद्धत आली, काम नसलं तरी हजेरीचे पैसे मिळायला लागले. म्हणजे माणूस रोज विकायची वस्तू राहिला नाही. पुढं कंटेनर आले, १९८९ साली न्हावा शेवा बंदर सुरू झालं, मुंबईच्या गोदीतली नोंदणीतली माणसं आटत गेली. आज माझ्या वयाचा पोरगा गोदीत शिरतो तो कंत्राटदाराच्या पासावर. बापाच्या पिढीनं ज्या गेटवरून टोळीवाला हाकलला त्याच गेटवर आम्हाला त्याचा नातू भेटतो. त्याच्या अंगात आता इस्त्रीचा शर्ट आहे, एवढाच फरक.

रजेचा कायदा बघा. १९४८ च्या कारखाना कायद्यात वर्षात २४० दिवस भरले तर दर २० दिवसांमागं १ दिवस पगारी रजा होती. २०२० साली संसदेनं नवी संहिता केली, त्यात २४० चे १८० झाले. ठीक. पण कंत्राटी माणसाचे दिवस कागदावर भरू द्यायचे की नाहीत, हे कंत्राटदाराच्या हातात. आणि मयतासाठी म्हणून वेगळी रजा ना जुन्या कायद्यात, ना नव्या संहितेत. मोठ्या हपिसांमध्ये साहेबाचा बाप वारला तर नोटीसबोर्डावर शोकसंदेश लागतो आणि साहेबाला रजा मिळते. मजुराचा बाप वारला तर त्याचा खाडा लागतो. कायद्याच्या लेखी आपल्याला कुणी मरतच नाही. आपण दगडातनं उगवतो बहुतेक.

मग प्रवास. ज्याच्याकडं गाडी आहे त्याला मुंबई ते येवला पाच-सहा तासांचा रस्ता. ज्याच्याकडं नाही त्याचा हिशेब वेगळा. कसाऱ्याची लोकल, लोकलनं कसारा, तिथनं वडापची जीप, दहाजणांच्या जागेत चौदाजण, कसारा घाट चढला की थंडी हाडात शिरते. नाशिकला पोचलो तर येवल्याकडची गाडी गेलेली, पुढची पहाटे. स्टँडवर गोणपाट पेटवून चार माणसं शेकत बसली होती. त्यातला एकजण वैजापूरला बहिणीच्या मयताला निघालेला. त्यानं मला विचारलं, "मयताला का?" मी म्हणालो, "कसं ओळखलं?" म्हणाला, "पिशवी न्हाई हातात."

लासलगावला कांदा टाकायला जाणारा एक टेम्पो विंचूरपर्यंत घेऊन जायला तयार झाला. आत जागा नव्हती, मागं गोण्यांवर बसलो. निफाडच्या पट्ट्यात थंडी किती पडते ते महाराष्ट्राला माहीत आहे. दरवर्षी पारा पाच अंशांच्या खाली उतरला की बातमी येते. त्या रात्री रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या आणि बागांमधनं शेकोट्या पेटलेल्या होत्या. थंडीनं द्राक्षाचे मणी तडकतात, निर्यातीचा माल हातचा जातो, म्हणून बागाइतदार रात्रभर धूर करतात, पहाटे पाणी सोडतात. माझं त्याला काही म्हणणं नाही. पोटच्या पोरासारखा माल आहे त्यांचा, कर्ज काढून वाढवलेला. पण त्या शेकोट्या राखायला जी माणसं रात्रभर बागेत उभी होती ती कोण होती? आपलीच, नाहीतर डोंगरातनं उतरलेले आदिवासी. द्राक्षाला ऊब देण्यासाठी माणूस थंडीत उभा करायचा, ही या व्यवस्थेची अक्कल. माल वाचला पाहिजे. माणूस तडकला तर दुसरा आहे. बदली आहे.

विंचूर चौफुलीवरून पहाटेची एसटी धरून सातच्या सुमाराला गावात पोचलो. आजाला अंगणात ठेवलं होतं, उशाशी मेणबत्ती, अंगावर पांढरं कापड. सगळे माझ्यासाठी थांबले होते.

आता तिसरा प्रश्न. जागा.

येवला हे नाव आपल्याला कशासाठी माहीत आहे? १३ ऑक्टोबर १९३५. हिंदू म्हणून जन्मलो ते माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा बाबासाहेबांनी तिथं केली. नीट लक्ष द्या, ती घोषणा मरणाबद्दलची होती. माणसाचा जन्म त्याच्या हातात नाही, मरण तरी त्याच्या हातात असावं, असं ते म्हणत होते. २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी शब्द खरा केला. बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही ही प्रतिज्ञा आहे. आपण ती पाळली. आमच्या घरात तीन पिढ्यांत कावळ्याला कुणी घास ठेवला नाही. त्रिसरण, पंचशील म्हणतो, मयताला बायासुद्धा येतात, आजीनंही आजाला खांद्याशी हात लावून पोचवलं. मरणाचा विधी आपण बामणाच्या हातातनं काढून घेतला. ही लहान क्रांती नाही.

पण धर्म बदलला, मसणवटा बदलला नाही.

आमच्या गावात नदीच्या कडेला गावाची स्मशानभूमी आहे. वर पत्र्याची शेड, सिमेंटचा रस्ता, लाइटचा खांब, बसायला बाकडी. सरकारी पैशातनं झालेली. सरकारी पैसा म्हणजे माझ्या आजाच्या काडीपेटीवरच्या करातनंसुद्धा आलेला. आणि आमचा मसणवटा ओढ्याच्या पलीकडं. शेड नाही, रस्ता नाही, सातबाऱ्यावर नोंदसुद्धा नाही. ओढा एरवी कोरडा. पण रब्बीला पालखेडच्या कालव्याचं आवर्तन सुटलं की त्याला पाणी येतं, नेमकं थंडीत, नेमकं म्हातारी माणसं मरायच्या दिवसांत. सकाळी नऊला आम्ही आजाला घेऊन गुडघाभर पाण्यातनं गेलो. पाणी बर्फासारखं. मागनं बाया, डोक्यावर लाकडं घेतलेली पोरं. उजव्या हाताला, दोनशे पावलांवर ती शेड दिसत होती. रिकामी.

आम्हाला कुणी अडवलं का? नाही. कुणी काठ्या घेऊन उभं नव्हतं. सरपंच हार घेऊन आला होता, ओढ्यापर्यंत चालला आणि तिथनं परत फिरला. अडवायची गरजच पडत नाही, कारण मयताच्या दिवशी कुणी विचारत नाही. दोघातिघांनी विषय काढलाच तर म्हातारे म्हणतात, "आज नको. मढं दारात हाय. आज भांडण नको." यात त्यांचं काय चुकलं? दारात मढं असताना कोण भांडेल? पण दुसऱ्या दिवशी कुणी विषय काढत नाही, कारण आता मढं नाही. असं 'आज नको' करत करत दोन-तीन पिढ्या ओढ्यातनं गेल्या. जातीनं किती हुशारीनं दिवस निवडलाय बघा. ज्या दिवशी आपला आवाज फुटत नाही, बरोबर त्या दिवशी ती आपल्याला आपली जागा दाखवते.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेचं १७ वं कलम आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात स्मशानभूमीचा वापर नाकारणं हा गुन्हा आहे. १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, तिच्यात दफनाची-दहनाची जागा इतरांच्या बरोबरीनं वापरायला आडकाठी करणं हा गुन्हा स्पष्ट शब्दांत लिहिला. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगलं केलं. महारवाड्याचं भीमनगर झालं. पण भीमनगरचं मढं अजून ओढ्यातनंच जातं. पाटी बदलायला रंगाचा एक डबा लागतो. वाट बदलायला गावाचं मन लागतं, आणि ते नसेल तर आपली ताकद लागते.

आणि हे फक्त आमच्या तालुक्याचं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तामिळनाडूत वाणियंबाडीजवळ दलितांना एक मढं पुलावरून दोरानं खाली सोडावं लागलं, कारण नदीकडं जाणारी वाट सवर्णांच्या शेतातनं जात होती. त्याचं चित्रण देशभर गेलं, तेव्हा मद्रास हायकोर्टानं आपण होऊन दखल घेतली आणि दलितांसाठी वेगळी स्मशानं कशाला, असा सवाल सरकारला केला. सवाल बरोबर आहे. तो प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहायला पाहिजे.

शहरातले आपले काही मित्र म्हणतात, गावाचं कशाला घेऊन बसता? बाबासाहेबांनीच सांगितलं, गाव सोडा. मी हे मानतो. घटना समितीत १९४८ साली बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे सांगितलं ते शब्दाशब्दानं खरं आहे. पण मित्रा, तू गाव सोडलंस, तुझा आजा तिथंच राहिला. आपली हजारो म्हातारी माणसं तिथं आहेत आणि ती तिथंच मरणार आहेत. शहरात तू शर्टाच्या कॉलरवर निळा बिल्ला लावून फिरतोस, तुझी जात कुणी विचारत नाही असं तुला वाटतं. मग एका थंडीच्या रात्री फोन येतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू खांद्यावर मढं घेऊन ओढ्यात उभा असतोस. गाव जिवंतपणी आपल्याला सोडतं, मयताला धरतं.

मयताला जाणं म्हणजे काय, ते आपल्या लोकांनी एकदा सगळ्या देशाला दाखवलेलं आहे. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेब गेले. त्याच रात्री विमानानं त्यांना मुंबईला आणलं आणि दुसऱ्या दिवशी राजगृहापासून दादर चौपाटीपर्यंत लाखो माणसं चालली. तीसुद्धा थंडीच होती. त्या माणसांना सांगावा कुणी नेला? रजा कुणी दिली? रेल्वेच्या डब्यांत, टपांवर, पायी, जसं जमेल तसं लोक निघाले. आमचा पणजा मनमाड स्टेशनवर रात्रभर गाडीला लोंबकळायला जागा शोधत होता. जो आयुष्यभर दुसऱ्याच्या मयताचे सांगावे वाहत आला तो पहिल्यांदा स्वतःच्या बापाच्या मयताला निघाला होता. दादरला पोचला तेव्हा चिता विझत आली होती. पण तो गेला. बदली देऊन गेला नाही. आणि त्यानंतर त्यानं गावाची काठी हातात धरली नाही, असं आजा सांगायचा. वतन कायद्यानं जायच्या आधी आमच्या घरातनं ते त्या रात्री गेलं.

म्हणून नुसतं रडून भागणार नाही. मला जे करण्यासारखं वाटतं ते सांगतो, पटलं तर करा, नाही पटलं तर याच पानांवर माझ्याशी भांडा.

एक. जिथं जिथं आपली पोरं कंत्राटावर राबतात, गोदीत, सफाईत, गोदामांत, डिलिव्हरीत, तिथं मागणीपत्रात एक ओळ घाला: जवळच्या माणसाच्या मयतासाठी वर्षाला निदान तीन दिवस पगारी रजा, बदली न देता. युनियनवाले हसतील. बोनससमोर ही मागणी त्यांना चिल्लर वाटेल. त्यांना सांगा, ज्याला बापाला पोचवायला जाता येत नाही तो कामगार नाही, वेठबिगार आहे.

दोन. मुंबईतल्या आपल्या गावकीच्या आणि पंचायतीच्या मंडळांनी पूर्वी मयताला जाणाऱ्याच्या हातात वर्गणीचे पैसे ठेवायची रीत चालवली होती. काही ठिकाणी ती अजून आहे. जिथं मोडली तिथं परत उभी करा. जयंतीच्या डीजेचा एक तास कमी केला तर एका तालुक्याचा वर्षाचा मयत फंड उभा राहतो. बाबासाहेबांना डीजे कमी वाजला म्हणून वाईट वाटणार नाही.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. स्मशानाचं भांडण मयताच्या दिवशी करू नका. ज्या दिवशी कुणी मेलेलं नाही त्या दिवशी करा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी गावोगाव ग्रामसभा असते. तुमचं मत मुंबईत असेल तर गावातल्या भावाला, चुलतीला, आजीला उभं करा आणि तुम्ही शेजारी बसा. ठराव एका वाक्याचा: गावात स्मशानभूमी एकच राहील आणि ती सगळ्यांची राहील. ठराव लेखी द्या, पोच घ्या. नामंजूर झाला तर तो का नामंजूर झाला ते इतिवृत्तात लिहून घ्या. ते लिहिताना ग्रामसेवकाचा हात थरथरतो की नाही बघा. मग तो कागद घेऊन तहसील कचेरी, समाजकल्याण, पोलीस ठाणं. मढं समोर नसताना आपला आवाज फुटतो, आणि समोरच्यालाही 'आज नको' म्हणायला जागा राहत नाही.

कुणी म्हणेल, शेडमध्ये जळलं काय आणि ओढ्यापलीकडं जळलं काय, राख सारखीच. राख सारखीच असते, मला माहीत आहे. मग वाट वेगळी कशाला, एवढंच मी विचारतोय. मेलेल्याला फरक पडत नाही, पण त्याच्यामागनं गुडघाभर थंड पाण्यातनं जाणाऱ्या सात वर्षांच्या पोराला पडतो. त्याला त्या दिवशी कळतं की आपण कोण आहोत असं गाव समजतं. त्याला हे कळू द्यायचं नसेल तर येत्या २६ जानेवारीला गावाची गाडी धरा. थंडी असेल. तरी धरा.